बेचाळीसमधला बे

ज्या वाक्यामुळे मी अखेरीस वैद्यकीय रजेवर गेले, ते वाक्य मला पूर्ण करता आले नव्हते. हिशेबतपासणीच्या एका बैठकीत मी एका नोंदीविषयी बोलत होते. मध्येच एका सहकाऱ्याने छोटासा आणि अगदी रास्त प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मी दिले, आणि मूळ मुद्द्याकडे वळले तर तो जागेवर नव्हता. एखादा शब्द सुचत नव्हता असे नव्हे, मी कशाबद्दल बोलत होते हेच निघून गेले होते. मी उगाच कागद चाळले, घोटभर पाणी प्यायले आणि "हे मी लेखी कळवते" असे म्हणून खाली बसले. अंगदुखीला तेव्हा दीड वर्ष झाले होते, झोप असून नसल्यासारखी होती, आणि थकवा इतका अंगवळणी पडला होता की तो वेगळा सांगावा असे वाटेनासे झाले होते. या तिन्हींना सोबत घेऊन मी रोज कामावर जात होते. घोडे पेंड खात होते ते या चौथ्या गोष्टीपाशी.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन:पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतःचे असे स्थानही मिळाले आहे, म्हणजे अशी वेदना दुसऱ्या कुठल्या तरी रोगाची सावली असलीच पाहिजे ही अट आता उरलेली नाही. वाचायला हे बरे वाटते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक नवा डॉक्टर आधी ती सावली पाडणारी वस्तूच शोधतो, आणि ती सापडली नाही की रुग्णाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहू लागतो. माझे रक्त चांगले निघाले, हाडे चांगली निघाली, मेंदूचे चित्रही चांगले निघाले. मग स्मृतीची चाचणी झाली. एका शांत खोलीत एका सौम्य आवाजाच्या बाईंनी मला आकडे ऐकवले, ते मी तसेच म्हणून दाखवले. मग दुसरे ऐकवले, ते उलटे म्हणून दाखवले. ही पद्धत फार जुनी आहे. १८८७ मध्ये जोसेफ जेकब्ज यांनी शाळकरी मुलींना असेच आकडे ऐकवून त्यांच्या ध्यानात एका दमात किती राहतात ते मोजले होते, आणि तेव्हापासून या प्रकारात फारसा फरक पडलेला नाही. माझा निकाल आला तो "सर्वसामान्य मर्यादेत" असा.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. निकाल चांगला आला याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झाली ती खंत, हे कबूल करायला संकोच वाटतो. पुढे वाचनात आले की हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. दीर्घकाळ दुखणे किंवा थकवा सोसणारी माणसे लक्षात राहत नसल्याची जेवढी तक्रार करतात, तेवढी तूट चाचणीत बहुतेक वेळा दिसत नाही; त्यांची तक्रार चाचणीच्या गुणांपेक्षा थकव्याशी आणि मनाच्या खिन्नतेशी अधिक जुळते. याचा एक अर्थ असा लावता येतो की माणसे उगाच घाबरतात. दुसराही लावता येतो, आणि मला तो अधिक पटतो: चाचणी सकाळी होते, बंद दाराआड होते, चाळीस मिनिटांत संपते, त्या वेळात फोन वाजत नाही, कोणी मध्येच रास्त प्रश्न विचारत नाही, आणि तेवढ्या वेळापुरता माणूस उरलासुरला सगळा जीव गोळा करून खुर्चीत बसतो. मी त्या चाचणीहून घरी आले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. हे त्या कागदावर कुठेच नव्हते, कारण ते मोजायला कोणी बसलेच नव्हते.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये ज्या कार्यकारी स्मृतीची, म्हणजे वर्किंग मेमरीची, मांडणी केली, ती साठवणीची कोठी नव्हे. लहानपणच्या घराचा दरवाजा आठवणे हे तिचे काम नाही. हातातला हिशेब मनातल्या मनात धरून ठेवून त्यावर काहीतरी करणे हे तिचे काम आहे. हातचा एक धरून पुढची बेरीज करणे म्हणजे तीच. तिच्यात ऐकलेले शब्द आतल्या आत घोळवणारा एक भाग आहे, पाहिलेल्या जागा धरून ठेवणारा दुसरा आहे, आणि या दोघांकडे लक्ष कसे वाटायचे ते ठरवणारा एक वरचा कारभारी आहे. जागा मुळातच थोडी. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सातच्या आसपास सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये, गट करण्याच्या आणि घोकण्याच्या युक्त्या वजा केल्या तर ती चारच्या आसपास भरते, असे दाखवून दिले. या चारांत वेदना येऊन बसते. क्रिस्टोफर एक्लस्टन आणि गीर्ट क्रोम्बेझ यांनी १९९९ मध्ये असे मांडले की वेदनेचे कामच मुळी चालू गोष्ट थांबवून लक्ष स्वतःकडे ओढणे हे आहे, आणि धोक्याची सूचना म्हणून ते योग्यही आहे. अडचण एवढीच की माझ्या बाबतीत धोका टळून दीड वर्ष लोटले तरी सूचना थांबली नव्हती. बैठकीतला तो मुद्दा मी विसरले नव्हते, असे आता मला वाटते. त्याला बसायला जागा उरली नव्हती.

रजेच्या तिसऱ्या महिन्यात मला संगणकावरचे स्मृतिप्रशिक्षण सुचवण्यात आले. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे, म्हणजे एकूण पंचवीस बैठका, प्रत्येक साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांची. आठवड्यातून एकदा एका प्रशिक्षिकेचा फोन. पडद्यावर चौकटींची जाळी दिसे, तिच्यातल्या काही चौकटी एकामागून एक उजळत आणि त्याच क्रमाने त्यांवर बोट ठेवायचे असे. कधी ती जाळीच मध्ये फिरे आणि मग उजळलेली चौकट आता कुठे गेली हेही धरून ठेवावे लागे. कधी अक्षरे ऐकू येत, ती क्रमाने सांगायची. कधी आकडे ऐकू येत, ते उलट्या क्रमाने दाबायचे. प्रत्येक बैठकीच्या शेवटी आलेखात एका ठिपक्याची भर पडे. एवढेच. मुलीने पहिल्या दिवशी खांद्यावरून डोकावून पाहिले आणि "आई, हे तर लहान मुलांचे आहे," असे म्हणून ती निघून गेली. तिचे फारसे चुकले नव्हते: या प्रकारच्या प्रशिक्षणाला ज्या प्रयोगाने तोंड फोडले, तो टॉर्केल क्लिंगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोममध्ये अवधान टिकवता न येणाऱ्या मुलांवरच केला होता, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुले होती जेमतेम चौदा.

त्या प्रयोगातली खरी कल्पना मात्र मुलांपुरती नव्हती. उत्तर बरोबर आले की यंत्र एक आकडा वाढवते, चुकले की कमी करते; त्यामुळे माणूस सतत आपल्या मर्यादेच्या काठावर राहतो. तुलनेसाठी जो दुसरा गट असतो त्याला हेच खेळ सोप्या, न वाढणाऱ्या पातळीवर दिले जातात. ऐकायला ही कल्पना निर्दोष वाटते, व्यायामशाळेत वजन वाढवत नेण्यासारखी. पण नीट विचार केला तर तिचा अर्थ असा होतो की रोजच्या पस्तीस मिनिटांत तुम्हाला पुन:पुन्हा चुकायला लावण्याची व्यवस्था केलेली आहे, आणि तुम्ही सुधारलात तर ती व्यवस्था आणखी वरच्या पायरीवर जाऊन तेच करते. ज्याचे शरीर श्रमाने बळकट होते त्याला हे मानवते. ज्याचे शरीर श्रमाचा वचपा दोन दिवसांनी काढते, त्याचे काय? दीर्घकालीन थकव्याच्या विकाराबाबत ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला मागे घेतला, आणि अशा रुग्णांना बौद्धिक श्रमही तसेच भोवतात हे आता मान्य झालेले आहे. माझे निदान तेच होते असे मी म्हणत नाही. पण पहिल्या आठवड्यात तिसऱ्या बैठकीनंतर मी खुर्चीतून उठून पलंगापर्यंत गेले ते भिंतीला हात लावत, आणि अकराला सुरू झालेला माझा दिवस पावणेबाराला संपला.

प्रशिक्षिकेला मी हे फोनवर सांगितले. तिने घाई केली नाही, उपदेशही केला नाही. बैठक दोन तुकड्यांत करा, मध्ये दहा मिनिटे डोळे मिटून पडा, आणि वाईट दिवशी सोडून द्या, असे म्हणाली. पाच आठवड्यांचे मग सात झाले.

आता त्या आकड्यांविषयी सांगायला हवे, कारण माझी खरी चोरी तिथे पकडली गेली. यंत्राचा आवाज एकेक आकडा इंग्रजीतून सांगे आणि मी तो मनातल्या मनात मराठीत करून घेत असे. ही सवय हिशेबाच्या कामात जन्मभराची आहे. सुरुवातीला पाच आकडे उलटे दाबताना माझ्या नाकी नऊ येत. दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी, ठरवून नव्हे, मी दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करू लागले. चार आणि दोन ऐकले की बेचाळीस. सात आणि चार ऐकले की चौऱ्याहत्तर. आणि मग लक्षात आले की आपली भाषा हे उलटे करण्याचे काम आधीच करून ठेवते. बेचाळीस म्हणताना तोंडात आधी बे येतो आणि मग चाळीस. चौऱ्याहत्तरात चौ आधी, सत्तर मागून. म्हणजे चार-दोन ऐकून ते मनात बेचाळीस म्हणून ठेवले की बाहेर काढताना दोन-चार असेच निघतात. उलटे करायला वेगळे काही करावेच लागत नाही, फक्त शेवटची जोडी आधी घ्यायची. ज्या पाढ्यांनी आणि उजळणीने शाळेत रडवले होते त्यांनी पन्नाशीला आलेल्या मला असा हात दिला.

युक्तीला एक खोट होती. नऊ आला की गाडी अडे. दोन आणि नऊ यांचे होतात एकोणतीस, आणि एकोणतीसमध्ये ना धड नऊ ऐकू येतो ना धड दोन. ऐकू येतात तीस, आणि त्यातून एक उणा. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळी जमात तशीच. नव्याण्णव तेवढा भला, पण एकच आकडा लागोपाठ दोनदा यंत्र क्वचितच देई. मी नऊसाठी वेगळी सोय केली: नऊ आला की तो जोडीत घ्यायचा नाही, एकटा ठेवायचा. हे जमल्यावर चौथ्या आठवड्यात माझे उलटे आकडे पाचावरून आठावर गेले. आलेखाची रेघ अशी चढली की फोनवर प्रशिक्षिकेच्या आवाजातही ती ऐकू आली. मी तिला बेचाळीसची गोष्ट सांगितली नाही. सांगायला हवी होती हे मला तेव्हाच कळत होते.

अक्षरांच्या खेळात माझी रेघ जागची हलली नव्हती. क, ट, म, र, प यांच्या जोड्या करून कोणतीच संख्या होत नाही. एका संध्याकाळी मुलीला मी कागदावर सात अक्षरे लिहून ती मला एकेक वाचून दाखवायला सांगितली आणि उलटी म्हणू लागले, तर चौथ्यानंतर डोळ्यांपुढे काळोख. मग तिने आठ आकडे दिले, ते मी घडाघडा उलटे म्हटले. ती हसली. "म्हणजे तू आकड्यांपुरती बरी झालीस," असे म्हणाली.

तिचे हे वाक्य मानसशास्त्रात अधिक जड भाषेत आधीच लिहिले गेलेले आहे. अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि स्टीव्ह फालून यांनी १९८० मध्ये एका विद्यार्थ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याला सुरुवातीला चारचौघांसारखे सातच आकडे लक्षात राहत. सुमारे दीड-पावणेदोन वर्षांत दोनशे तीसहून अधिक तास सराव केल्यावर तो एकदा ऐकून एकोणऐंशी आकडे म्हणून दाखवू लागला. तो धावपटू होता, आणि ऐकलेल्या आकड्यांचे गट तो शर्यतींच्या वेळा म्हणून ध्यानात ठेवी. त्याला आकड्यांऐवजी अक्षरे दिली तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला. स्मृतीची ताकद वाढली नव्हती. तिने एक वाट शोधली होती आणि ती वाट फक्त आकड्यांच्या गावाला जात होती. त्याच्या धावण्याच्या वेळा, माझा बेचाळीस. फरक एवढाच की तो प्रयोगशाळेत होता आणि त्याची युक्ती हाच प्रयोगाचा विषय होता, तर माझी युक्ती मी झाकून ठेवली होती आणि तिच्या जोरावर माझ्या मेंदूबद्दल एक रेघ वर चढत होती.

एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी लागू पडते का, हा प्रश्न एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच विचारला होता, आणि दोन कामांत प्रत्यक्ष समान असे जेवढे असेल तेवढ्यापुरतेच ते लागू पडते, असे त्यांचे साधारण म्हणणे होते. स्मृतिप्रशिक्षणाच्या बाबतीत मोनिका मेल्बी-लर्व्हाग आणि चार्ल्स ह्युम यांनी २०१३ मध्ये तोवरचे तेवीस अभ्यास एकत्र तपासले. प्रशिक्षणात जे खेळ असतात त्यांसारख्याच चाचण्यांत लोक सुधारतात, असे त्यांना आढळले. वाचन, गणित किंवा एकंदर विचारशक्ती यांत तो लाभ उतरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. बाजाराला याचे सोयरसुतक कमी. मेंदूच्या खेळांचा व्यापार करणाऱ्या ल्युमॉसिटी या उत्पादनाच्या कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी वीस लाख डॉलर भरून तडजोड केली, कारण काम, शाळा आणि वार्धक्य यांबाबत तिने केलेल्या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचे आयोगाचे म्हणणे होते.

हे सगळे मी प्रशिक्षण चालू असतानाच वाचत होते, आणि वाचूनही रोज अकराला खुर्चीत बसत होते. का बसत होते, याचे उत्तर मला एका वेगळ्याच प्रयोगात सापडले. सायरस फरोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दोन प्रकारची पत्रके लावून माणसे बोलावली: एका पत्रकात मेंदूच्या प्रशिक्षणाने बुद्धी वाढते असे सुचवलेले होते, दुसऱ्यात नुसते अभ्यासात सहभागी व्हा एवढेच होते. दोन्ही गटांना एक तासाचे तेच प्रशिक्षण दिले. पहिल्या पत्रकाने आलेल्यांचे बुद्ध्यंक पाच ते दहा गुणांनी वाढलेले दिसले, दुसऱ्याने आलेल्यांचे वाढले नाहीत. संशोधकांनी हे आशेच्या प्रभावाचे उदाहरण म्हणून दिले, इशारा म्हणूनच दिले, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते योग्य आहे. पण मी ते रुग्ण म्हणून वाचले. रजेवरच्या माणसाकडे कोणी पत्रक पाठवत नाही. त्याला जे कागद येतात ते मुदतीचे असतात: रजा कधी संपते, पुढची तपासणी केव्हा, नवे प्रमाणपत्र कोणत्या तारखेच्या आत. या महिन्यांत तुला काहीतरी अधिक येऊ लागेल, असे म्हणणारा पहिला कागद मला या प्रशिक्षणानेच दिला होता.

शिवाय दिवसाला एक आकार आला. आजारपणाच्या रजेत दिवस मोठा होतो असे बाहेरच्यांना वाटते. तो मोठा होत नाही, तो सैल होतो, त्याला कुठे धरावे ते कळत नाही. अकरा वाजता एक ठिकाणी बसायचे आहे, एवढ्या एका खुंटीवर मी सकाळ टांगू लागले. हा लाभ प्रशिक्षणाचा की नुसत्या वेळापत्रकाचा, हे मला वेगळे करता येणार नाही, आणि रोज अकराला मला कोणी विणकाम करायला बसवले असते तर कदाचित तेवढेच झाले असते. तुलनेचा गट माझ्या घरात नव्हता.

दुसऱ्या आठवड्यापासून मी एक वही ठेवली होती. आलेखात ठिपका पडे तो पस्तीस मिनिटांचा. त्यानंतरच्या दिवसाचे काय झाले ते मी वहीत लिहू लागले. किती वाजता आडवी झाले, किती वाजता उठले, त्या दिवशी फोन घेतला का, पत्र वाचून समजले का. सवयच हिशेबाची, म्हणून शब्द कमी आणि खुणा जास्त. चार आठवड्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तेव्हा जे दिसले ते हिशेब तपासणाऱ्या बाईने फार आधी पाहायला हवे होते. ज्या दिवशी ठिपका सर्वांत वर होता, त्या दिवशी मी बारा ते सहा झोपून होते आणि दुसऱ्या दिवशीची बैठक सोडली होती. ज्या दिवशी ठिपका मधल्या उंचीवर होता, त्या दिवशी मी दुपारी मुलीशी बसून तिच्या कॉलेजचा अर्ज भरला होता. जमेची बाजू एका कागदावर होती आणि खर्चाची दुसऱ्या. आणि पाठवला जात होता तो फक्त पहिला कागद.

पंचविसावी बैठक झाल्यावर, पुन्हा कामावर जाण्याविषयी ठरवणाऱ्या डॉक्टरांची भेट होती. त्यांच्यापुढे आलेख आधीच पोचला होता. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी चष्मा वर करून ती रेघ पाहिली आणि मनापासून म्हणाले, "तुमची स्मृती तर चांगलीच सुधारली आहे. पूर्ण वेळ सुरू करायला हरकत दिसत नाही." त्या क्षणी मला दोन गोष्टींची एकदम भीती वाटली. सुधारले नाही असे म्हणावे तर ती रेघ माझ्या विरुद्ध साक्ष देणार होती. सुधारले म्हणावे तर महिन्याभरात मी पुन्हा एका बैठकीत अर्ध्या वाक्यावर उभी असणार होते. मग मी त्यांना बेचाळीसची गोष्ट सांगितली. आधी त्यांना कळली नाही. मी त्यांना चार आकडे उलटे म्हणायला लावले, आणि त्यांनीही नकळत जोड्या केल्या व नऊपाशी अडले, तेव्हा ते हसले आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

"मग तुम्हाला प्रत्यक्षात किती वेळ काम जमेल?" त्यांनी विचारले. मी वही त्यांच्याकडे फिरवून ठेवली. त्यांनी ती आलेखाशेजारी घेतली, तारखा जुळवत दोन पाने पाहिली, मग आणखी चार पाहिली. मी मध्ये बोलले नाही. त्यांनी अर्जातल्या तासांच्या रकान्यात पेन्सिलीने तीन लिहिले, खाली सहा आठवड्यांनी फेरविचार असे लिहिले, आणि विचारले की कामाच्या ठिकाणी बैठकांचे मुद्दे आधी लेखी मिळावेत अशी सूचना घातली तर चालेल का. मी चालेल म्हटले.

मग त्यांनी एका पानावर बोट ठेवले. तिथे एका तारखेपुढे मी चौकोनात एक गोल काढला होता, आणि तोच पुढे आणखी तीन ठिकाणी होता. "ही खूण कशाची?"

मी पाहिले. खूण माझीच होती, हातही माझाच. मी आधीचे पान उलटून पाहिले, पुढचे पाहिले, वहीच्या पहिल्या पानावर खुणांचा अर्थ लिहिलेला असेल म्हणून तेही उघडले. तिथे फुलीचा अर्थ होता, बाणाचा होता. गोलाचा नव्हता.

डॉक्टरांनी एकदा चढत्या रेघेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "असू द्या," असे म्हणून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि तो तिनाचा आकडा पेनाने गिरवला.